समृद्धीवर १०० की १२०? ठाणे-नागपूर-ठाणे, ईव्हीने

पोळ्याला नागपूरला मावशीकडे जायचं हे आईने श्रावण लागल्या लागल्याच जाहीर करून टाकलं होतं. ट्रेनचं वेटिंग क्लिअर होईना, विमानाचे भाव सणाच्या तोंडावर भलतेच, मग नवरा म्हणाला गाडीनेच जाऊ की, समृद्धी आहे ना आता अख्खा. गाडी म्हणजे आमची नेक्सॉन ईव्ही, ४५ युनिट (किलोवॉट-अवर) बॅटरीवाली. कागदावर रेंज ४८९ किलोमीटर. हा आकडा ज्या टेस्टमध्ये काढतात त्यात गाडी ९० च्या वर जातच नाही, आणि समृद्धीवर लिमिट १२० आहे, इथेच सगळी गोष्ट सुरू होते.

मला मुळात बघायचं होतं की हायवे स्पीडला गाडी नक्की किती खाते आणि १२० ने पळवून खरंच वेळ वाचतो का. ईव्हीवाल्यांच्या ग्रुपवर यावर रोज भांडणं चालतात, एक म्हणतो ८० च्या वर जाऊ नका, दुसरा म्हणतो मग गाडी कशाला घेतली रिक्षा घ्यायची (रिक्षाला समृद्धीवर बंदी आहे, पण असो).

पहिला दिवस : ठाणे ते छत्रपती संभाजीनगर

रात्रभर सोसायटीतल्या चार्जरवर लावून १०० टक्के केली, टायरमधली हवा सकाळी गाडी थंड असताना भरली. हे नक्की करा, हवा कमी असली की रेंज गुपचूप कमी होते आणि आपण बॅटरीला नावं ठेवतो. शिवाय समृद्धीवर टायर फुटून अपघात झालेत, त्यामुळे मध्ये मध्ये आरटीओवाले टायर तपासत असतात.

माजिवड्यावरून निघालो, भिवंडी बायपासला नेहमीचंच, खड्डे ट्रक कंटेनर आणि मधून कसाही घुसणारा टेम्पो, आमनेला समृद्धीवर चढेपर्यंत पाऊण तास गेला. पण गंमत बघा, या रडतखडत भागात गाडीने १०० किलोमीटरला जेमतेम ११-१२ युनिटच्या हिशोबाने खाल्लं. ज्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोलवाल्यांचा जीव जातो तिथे ईव्ही सगळ्यात सुखात असते, कारण ब्रेक मारला की मोटर जनरेटरसारखी चालून थोडी वीज परत देते आणि थांबलेल्या गाडीत एसी सोडला तर काही चालू नसतं. हायवेवर हे उलटं होतं. तिथे ब्रेकच नाही तर परत काय मिळणार, जे जातं ते जातंच.

आमने ते इगतपुरी हा ७६ किलोमीटरचा तुकडा सगळ्यात शेवटी, ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्याआधी कसारा घाटातूनच जावं लागायचं. आता उंच उंच पुलांवरून आणि बोगद्यांतून रस्ता वर चढत जातो, इगतपुरीजवळचा मोठा बोगदा पावणेआठ किलोमीटरचा आहे. आई बोगद्यात शिरताना रामरक्षा म्हणायला लागली, ती संपून मारुतीस्तोत्र झालं तरी बोगदा चालूच.

चढ कळत नाही पण बॅटरीला कळतो. गाडी, आम्ही तिघं आणि मावशीसाठी घेतलेल्या पिशव्या मिळून पावणेदोन टन वजन समजा. ते समुद्रसपाटीवरून साधारण ६०० मीटर वर न्यायला तीन-सव्वातीन युनिट लागतात. सात टक्के बॅटरी नुसती उंचीत गेली, अंतराचा खर्च वेगळा. इगतपुरीला वर आलो तेव्हा ६० टक्के उरली होती आणि ठाण्यापासून अंतर झालं होतं फक्त शंभरेक किलोमीटर. नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मी म्हटलं थांब जरा, आता सपाट आहे आणि वारा मागून आहे.

वाऱ्याचं कोणी बोलतच नाही. पावसाळ्यात महाराष्ट्रात वारा पश्चिमेकडून येतो आणि समृद्धी जातो पश्चिमेकडून पूर्वेला, म्हणजे नागपूरला जाताना वारा पाठीवर आणि येताना थोबाडावर. गाडीला रस्त्यावरच्या वेगाशी घेणंदेणं नसतं, हवा कुठल्या वेगाने अंगावर येते त्याच्याशी असतं. तुम्ही १०० ने जाताय आणि मागून १५ चा वारा आहे तर हवेच्या दृष्टीने तुम्ही ८५ नेच जाताय. इगतपुरीच्या पुढे सिन्नरच्या बाजूला रस्त्याकडेचं गवत सगळं आमच्याच दिशेने आडवं झालेलं दिसत होतं, आणि मी क्रूझ कंट्रोल १०० ला लावून पाय मोकळे केले. शिर्डीला उतरलो तेव्हा २७ टक्के होती. म्हणजे त्या १०५ किलोमीटरला ३३ टक्के, १०० किलोमीटरला १४ युनिट.

शिर्डीत चार्जर मिळायला त्रास नाही, हॉटेलांच्या आवारातही आहेत. गाडी लावली, आईचं दर्शन झालं, परत येईपर्यंत ८५ टक्के झाली होती. आईला वाटलं आपण दर्शनासाठी थांबलोय, आम्हाला माहीत होतं चार्जिंगसाठी थांबलोय, सगळे खूश. तिथून संभाजीनगर आरामात, रात्रीच्या हॉटेलला ७ किलोवॉटचा चार्जर आहे हे आधी फोन करून विचारून ठेवलं होतं. ॲपमध्ये आहे लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात त्यासमोर कुणाची तरी इनोव्हा उभी असते, म्हणून फोन.

दुसरा दिवस : संभाजीनगर ते नागपूर, आणि सगळा प्रयोग

हा दिवस खरा. सावंगीला परत समृद्धीवर चढलो, इथून नागपूर सव्वाचारशे किलोमीटरच्या आसपास. जालना गेलं, पाऊस नव्हता, रस्ता मोकळा आणि बऱ्यापैकी सरळ. मग मी ट्रिप मीटर शून्य करून २०-२० किलोमीटरचे तुकडे पाडले. आधी ८० ने, मग १०० ने, मग १२० ने. नवरा मोबाईलमध्ये लिहून घेत होता आणि जीपीएसवर वेगही बघत होता, कारण गाडीचा काटा खऱ्यापेक्षा तीन-चारने जास्तच दाखवतो.

८० ला आले ११ युनिट. १०० ला १४. १२० ला साडेसतराच्या वर. हे सगळं पाठीवरच्या वाऱ्यासकट, एसी चालू ठेवून, १०० किलोमीटरमागे. वारा शून्य असेल त्या दिवशी माझी हीच गाडी १३, साडेसोळा आणि साडेवीस-एकवीसच्या आसपास देते, एरवी मुंबई-पुण्याला वगैरे जाताना बघितलंय. म्हणजे वाऱ्याशिवाय ४५ युनिटमध्ये ८० ने साधारण ३४५ किलोमीटर, १०० ने पावणेतीनशे, १२० ने सव्वादोनशेच्याही आत. कागदावरच्या ४८९ च्या निम्म्याहून कमी. यात कोणी फसवलं वगैरे नाही, टेस्ट वेगळी आणि रस्ता वेगळा.

हे का होतं ते एकदा डोक्यात बसलं की रेंजची भीती निम्मी जाते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दीडपट झाला (८० चा १२०) तर हवेचा विरोध सव्वादोनपट. टायरचा विरोध मात्र वेगाने फारसा बदलत नाही, म्हणून एकूण खर्च सव्वादोनपट न होता दीडपटीच्या थोडा पुढे जातो. ८० लाच अर्ध्याहून जास्त जोर हवा ढकलण्यात जात असतो, १२० ला तर त्याहून बराच जास्त. त्यात आपल्याला सगळ्यांना एसयूव्ही हव्यात, उंच नि चौकोनी. बसकी सेडान याच बॅटरीवर पुढे जाईल, पण ती सोसायटीच्या स्पीडब्रेकरला घासेल, त्यामुळे तो विषय बंद.

आणि एसी. आई सारखी विचारत होती, एसी बंद करू का गं, तुझी बॅटरी संपेल. एसी साधारण एक किलोवॉट खातो, १०० च्या वेगाने जाताना १०० किलोमीटरला एक युनिट झालं फक्त. १२० वरून ११० वर आलं तरी याच्या दुप्पट वाचतं. खिडक्या उघडल्या तर हवेचा विरोध वाढतो तो वेगळाच. म्हटलं आई तू शाल घे पण एसी राहू दे.

सिंदखेडराजाचं एक्झिट गेलं, आईने तिथून हात जोडले जिजाऊंना. मेहकरच्या पुढे वाशीमचं मालेगाव, शेलूबाजार, रस्ता खालीवर होत राहतो पण एकूण उतारच आहे, संभाजीनगर पावणेसहाशे मीटरवर आणि नागपूर तीनशे-सव्वातीनशेवर. सगळं आमच्या बाजूने. कारंजाला २० टक्के असताना बाहेर पडलो, ६० किलोवॉटचा चार्जर, दोन गन (गाडीला लावायच्या केबल), दुसऱ्या गनवर आधीच एक गाडी. ६० लिहिलंय म्हणून ६० मिळत नाहीत हे अनुभवी लोकांना माहीत असतं. दोन गाड्या लागल्या की पॉवर वाटली जाते. आम्हाला सुरुवातीला २९ मिळत होते, ती गाडी गेल्यावर ४६ झाले. ८० टक्क्यांच्या पुढे बॅटरी स्वतःच हात आखडता घेते, म्हणून ८० ला गन काढली.

आणि तिथे चहा पिता पिता टिश्यूवर जो हिशोब मांडला तो या सगळ्या प्रवासातला माझ्या मते सगळ्यात कामाचा.

समृद्धी ७०१ किलोमीटर. १०० ने सात तास, १२० ने पाच तास पन्नास मिनिटं. वाचले ७० मिनिटं. आता खर्च. वारा नसताना १२० ला किलोमीटरमागे जेवढं जास्त जातं त्याचे ७०० किलोमीटरला जवळपास २९ युनिट होतात. चार्जर सरासरी ४० किलोवॉट देत असेल तर तेवढे भरायला ४४ मिनिटं. वर एक थांबा वाढला, म्हणजे एक्झिट घ्या, चार्जर शोधा, ॲप उघडा, ओटीपी येईना, परत या, पंधरा मिनिटं कुठेच गेली नाहीत. हातात उरली दहा-अकरा मिनिटं! आणि चार्जर ४० ऐवजी ३० देत असेल तर नुसतं भरायलाच तासभर, म्हणजे १२० वाला १०० वाल्याच्या मागून पोचतो. शिवाय २९ युनिटचे बाहेरच्या दराने सहाशे-साडेसहाशे रुपये गेले ते वेगळेच.

पण म्हणून ८० ने जा असंही नाही हां. ८० आणि १०० चा हाच हिशोब केला तर ८० ने पावणेदोन तास जास्त गाडी चालवावी लागते आणि चार्जिंगमध्ये वाचतात फार तर ४० मिनिटं. ८० वाले सरळ तोट्यात आहेत, वेळेच्या हिशोबात तरी. आणि समृद्धीवर ८० ने सातशे किलोमीटर म्हणजे झोपच. तो रस्ता इतका एकसुरी आहे की डोळे उघडे ठेवून माणूस झोपतो. म्हणजे आपल्या ४०-५० युनिटवाल्या गाड्यांसाठी आणि आत्ताच्या चार्जरसाठी १०० ते ११० हीच जागा. उद्या १२०-१५० किलोवॉटचे चार्जर ठिकठिकाणी आले आणि ते घेणारी गाडी असली तर खुशाल १२० ने जा, तेव्हा गणित फिरेल. वेग किती ठेवायचा हे गाडीपेक्षा चार्जर ठरवतो.

दुसरी गोष्ट अंतराची. रस्त्यात आपण ८० टक्क्यांवर निघतो आणि १० टक्क्यांवर पोचायचं बघतो, म्हणजे हातात ३१-३२ युनिटच असतात. १०० ने त्यात १९० किलोमीटर होतात, १२० ने दीडशे. समृद्धीवर एखादा चार्जर बंद निघाला तर पुढच्यापर्यंत जायला हे मधले ४० किलोमीटरच कामाला येतात.

शिवमडक्याला, म्हणजे समृद्धीच्या नागपूरच्या टोकाला, उतरलो तेव्हा २३ टक्के होती. मावशीकडे पोचल्यावर काकांचा पहिला प्रश्न, "काहून बाप्पा, एवढा वेळ लागून राह्यला? आमचा पोरगा तं सहा तासांत येते शिर्डीहून जेवूनखाऊन."

नागपूर

पोळा, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आणि मारबत. इतवारी-महालाकडच्या गल्ल्यांमध्ये काळी आणि पिवळी मारबत (मोठाले पुतळे) निघते, बडगे निघतात, ज्याचा त्याचा राग असेल ते सगळं "घेऊन जा गे मारबत" म्हणून ओरडायचं. मी मनातल्या मनात बंद चार्जर घेऊन जा म्हटलं. तर्री पोहे झाले, पुडाची वडी झाली, सावजी श्रावण संपल्यावर या म्हणाले.

मावसभावाशी, दादाशी, मात्र वाद झाला. त्याची पेट्रोल एसयूव्ही. त्याचं म्हणणं पेट्रोल गाडीला असलं काही होत नाही, १२० काय नि १३० काय. म्हटलं दादा, तुझी गाडी ९० ला किती देते? सोळा. आणि समृद्धीवर? गप्प बसला, मग म्हणाला अकरा-बारा. झालं की! हवा पेट्रोलवाल्यांना सवलत देत नाही. फरक एवढाच की लिटरभर पेट्रोलमध्ये नऊएक युनिट ऊर्जा असते, म्हणजे माझी अख्खी बॅटरी त्याच्या टाकीतलं पाच लिटर पेट्रोल. त्याच्या इंजिनात त्यातलं बरंचसं उष्णतेतच जातं, तरी ४५ लिटरची टाकी असल्यावर कोण बघतंय. माझी गाडी पाच लिटरमध्ये पावणेतीनशे जाते हे त्याला ऐकवलं तर म्हणाला, हो पण माझी टाकी पाच मिनिटांत भरते. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, वडी खाल्ली.

परतीचा दिवस : वारा समोरून

निघताना १०० टक्के होती आणि पाऊस होता. वर्ध्याच्या बाजूला येळकेळीच्या आसपास क्रूझ १०० ला लावलं आणि मीटरकडे बघितलं तर १०० किलोमीटरला २० युनिट! जाताना १४ होते. तीच गाडी, तोच वेग, तीच माणसं (पिशव्या थोड्या जड झाल्या होत्या, कबूल). समोरून १५ चा वारा, म्हणजे हवेच्या दृष्टीने आम्ही ११५ ने चाललो होतो. रस्ता ओला, टायर पाणी बाजूला सारत चाललेत, त्यालाही ऊर्जा लागते. आणि आता सगळा चढ, जाताना जो उतार फुकट मिळाला तो परत द्यायचा होता.

९० वर आणली, १८ झाले. तरी संभाजीनगरपर्यंत ७५ च्या वर युनिट लागणार हे दिसत होतं, म्हणजे दोन थांबे. डॅशबोर्डवर जी उरलेली रेंज दिसते ती मागच्या काही किलोमीटरवरून काढलेली असते, ती सारखी खाली खाली येत होती. नवरा त्या आकड्याकडे बघून घाबरतो, मी टक्के आणि युनिटच बघते. तो आकडा मागे काय झालं ते सांगतो, पुढे वारा किती आहे हे त्याला काय माहीत.

पहिला थांबा व्यवस्थित झाला. दुसऱ्याला, एका पंपावर, चार्जरच्या स्क्रीनवर लाल अक्षरं आणि पंपावरचा मुलगा सांगतोय सकाळपासून बंद आहे ताई, कळवलंय. ॲपमध्ये हिरवा दिसत होता. आमच्याकडे २६ टक्के होती, म्हणजे पावणेबारा युनिट, पुढचा चार्जर ५५ किलोमीटरवर. १०० ने गेलो असतो तर ११ युनिट, अगदीच टेकलं असतं. ८० केली. साडेसोळाच्या हिशोबाने नऊ. सहा टक्क्यांवर पोचलो, गाडी सतत काहीतरी इशारे देत होती, आई मागे झोपली होती हे बरं झालं. समोरच्या ट्रकच्या बुडाशी चिकटून जायचं, म्हणजे हवा लागत नाही, असे व्हिडिओ फिरतात, नवऱ्याने ते सुचवून बघितलं. पावसात ओल्या रस्त्यावर ट्रकच्या मागे दहा मीटरवर? नको. ८० ने डाव्या लेनमध्ये गेलं की तेवढंच काम होतं आणि माणूस जिवंत राहतो.

संभाजीनगरला पोचायला जातानापेक्षा अडीच तास जास्त लागले. रात्री जेवताना कोणी फार बोललं नाही.

शेवटचा टप्पा : संभाजीनगर ते ठाणे

फार सांगण्यासारखं नाही. वारा होताच, ९० ने आलो, सिन्नरच्या अलीकडे बाहेर पडून वीस मिनिटं चार्जिंग आणि मिसळ. इगतपुरीचा बोगदा आणि मग उतार. या उताराने जाताना घेतलेल्या सव्वातीनमधले दोनेक युनिट परत दिले, सगळे कधीच परत मिळत नाहीत. पुढे भिवंडीचं ट्रॅफिक, आणि तिथे परत ११ युनिट.

पूर्ण फेरीचा हिशोब नवऱ्याने काढला, सरासरी १६ युनिट १०० किलोमीटरला. सोसायटीची वीज, हॉटेलची वीज, बाहेरचं बावीस-तेवीस रुपयाने चार्जिंग सगळं धरून साडेतीन-चार हजार. दादाची गाडी असती तर बारा हजारांच्या पुढे पेट्रोल. टोल तर ईव्हीला ऑगस्ट २०२५ पासून समृद्धीवर माफच आहे, नाहीतर एका बाजूचे चौदाशे-साडेचौदाशे झाले असते.

दिवाळीनंतर आईला परत जायचंय, संत्र्यांच्या वेळी. तेव्हा पश्चिमेचा वारा संपलेला असतो, थंडीत उलट पूर्वेकडून, उत्तरेकडून हलका येतो, म्हणजे जाताना १०० आणि येताना ११० लावून बघणार आहे. चार्जरची यादी मात्र प्रत्येक ठिकाणी फोन लावूनच करणार, हिरव्या ठिपक्यावर भरवसा ठेवून नाही.